विज्ञानकथेचा वाचक कुठे भेटतो?

जयंत नारळीकर 20 मे 2025 रोजी पुण्यात गेले. पुढचे आठ-दहा दिवस ज्याच्याशी बोलावे तो आपण त्यांची पहिली कथा कधी वाचली ते सांगत होता. कुणाला शाळेच्या कपाटातले ‘यक्षांची देणगी’ आठवत होते, तर कुणाला अकरावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात भेटलेले गंगाधरपंत. आमच्या इमारतीतल्या बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी आणि तिसऱ्या मजल्यावरच्या, नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलीने एकाच कथेचे नाव घेतले. दोघे कित्येक वर्षे एकाच जिन्याने चढतात-उतरतात. समोरचाही विज्ञानकथा वाचतो, हे दोघांनाही त्या दिवशी कळले.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात आहे, आणि या आढाव्याचा विषयही तोच आहे. मराठीत विज्ञानकथा आहे, तिचे लेखक आहेत, स्पर्धा आणि पुरस्कार आहेत. मग तिच्या वाचकांचा एकमेकांना ओळखणारा असा समुदाय आहे का? नसेल तर तो का घडला नाही, आणि घडावा की नाही, याबद्दल जाणत्यांची मते काय आहेत?

शब्दांपासूनच अडचण सुरू होते. आपण ‘चाहता’ म्हणतो तो नटाचा, गायकाचा, खेळाडूचा. ‘रसिक’ म्हणतो तो संगीत-नाटकाचा. पुस्तकांना ‘वाचक’ असतो, आणि तो बहुधा एकटाच असतो. एखाद्या साहित्यप्रकाराभोवती जमणाऱ्या, त्याच्या बातम्या एकमेकांना कळवणाऱ्या, त्यावर कडाकडा भांडणाऱ्या मंडळींना मराठीत नाव नाही. गोष्ट थोडीफार असते, पण नाव नसल्यामुळे ती मोजली जात नाही.

‘नवल’ ते ‘कृष्णविवर’

विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला ज्यूल व्हर्न मराठी मासिकांतून वाचकांपर्यंत येऊ लागला होता. श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही कथा पहिल्या महायुद्धाच्या काळातली. मराठीतली पहिली स्वतंत्र विज्ञानकथा म्हणून अभ्यासक बहुधा तिचेच नाव घेतात. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न मुलांपर्यंत पोचवला. द. पां. खांबेटे, नारायण धारप यांच्यासारखे लेखक अद्भुत, भय आणि विज्ञान यांच्या सीमेवर लिहीत राहिले.

या काळात या वाचनाला घर मिळाले ते मासिकांत. ‘हंस’, ‘मोहिनी’ आणि ‘नवल’ ही तिन्ही मासिके अनंत अंतरकरांची. त्यातल्या ‘नवल’चा वाचक गूढकथा, साहसकथा, भयकथा आणि विज्ञानकथा एकाच अंकात, एकाच बैठकीत वाचत होता. पुढे दिवाळीत येणाऱ्या ‘धनंजय’नेही रहस्यकथेच्या शेजारी विज्ञानकथेला जागा दिली. आपण विज्ञानकथा वाचतो आहोत की भूतकथा, याची त्या वाचकाला फिकीर नव्हती. त्याला ‘पुढे काय होणार’ ते हवे होते. हा वाचक पुढच्या वादात पुन्हा भेटणार आहे.

मराठी विज्ञान परिषद 24 एप्रिल 1966 रोजी मुंबईत स्थापन झाली आणि या प्रवाहाला वळण लागले. विज्ञान मराठीतून लोकांपर्यंत न्यायचे, हा परिषदेचा हेतू. 1970 पासून तिने विज्ञानकथांची स्पर्धा सुरू केली. 1974 च्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिला क्रमांक मिळाला. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ती कथा नारळीकरांची होती. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी ते नाव घेतले होते. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हातून लिहून घेतली होती. परीक्षकांना वजनदार नावाचे दडपण येऊ नये, एवढीच त्यामागची काळजी.

मग ‘किर्लोस्कर’चे संपादक मुकुंदराव किर्लोस्कर यांच्यासारख्यांनी नारळीकरांकडून कथा मागून घेतल्या. 1975 च्या कराड साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी या नव्या प्रवाहाची दखल घेतली. ते संमेलन आज आणीबाणीविरुद्धच्या त्यांच्या निर्भय भूमिकेसाठी आठवले जाते आणि ते योग्यच आहे. पण त्याच व्यासपीठावरून विज्ञानकथेला मराठी साहित्याच्या ओसरीवर पाट मिळाला, हेही विसरू नये. 1979 मध्ये ‘यक्षांची देणगी’ आले. बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे, अरुण मांडे अशी लेखकांची फळीच पुढच्या दोन दशकांत उभी राहिली. लोंढ्यांची ‘दुसरा आइन्स्टाईन’ तर जेम्स गन यांनी संपादित केलेल्या, जगभरच्या विज्ञानकथांच्या इंग्रजी संग्रहापर्यंत पोचली.

एकाच वर्षी, दोन शहरांत

1966 हे साल इथे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली त्याच वर्षी कोलकात्यात एक वेगळीच संस्था सुरू झाली होती. तिचे नाव ‘सायन्स फिक्शन सिने क्लब’ आणि अध्यक्ष सत्यजित राय. तिच्या आधी तीन वर्षे, 1963 मध्ये, अद्रीश बर्धन यांनी ‘आश्चर्य’ हे केवळ विज्ञानकथांना वाहिलेले मासिक काढले होते. मासिकाभोवती वाचक जमले होतेच. आवडीचे चित्रपट एकत्र बसून पाहायचे आणि त्यावर बोलायचे, म्हणून त्या वर्तुळाने क्लब काढला. क्लब काही वर्षांत थंडावला, ‘आश्चर्य’ही बंद पडले. बर्धन यांनी नंतर ‘फँटास्टिक’ काढून पुन्हा मोट बांधली. 2016 मध्ये ‘कल्पबिश्व’ हे वेब-मासिक सुरू करणाऱ्या तरुणांनीही तोच वारसा सांगितला. बंगालीत धागा तुटतो तेव्हा तो पुन्हा जोडणारे वाचकच असतात.

मुंबईत उलटे घडले. इथे संस्था आधी आली, तीही विज्ञानासाठी. कथा हे त्या संस्थेच्या अनेक साधनांपैकी एक. त्यामुळे स्पर्धा साठ वर्षांच्या टप्प्याकडे चालली आहे, शीवच्या चुनाभट्टीला विज्ञान भवन उभे आहे, दरवर्षी वेगवेगळ्या गावी अधिवेशन भरते आणि पत्रिका निघते. आपल्याकडे क्लब बंद पडला नाही, कारण तो निघालाच नव्हता. जे निघाले ते टिकले. दोन्ही वाटांना आपापले मोल आहे. पण संस्थेच्या वाटेने लेखक घडतात आणि मासिक-क्लबाच्या वाटेने वाचक एकमेकांना भेटतात, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

देशात इतरत्रही पाहावे. फैजाबादेत 1995 मध्ये भारतीय विज्ञान कथा लेखक समिती उभी राहिली, तर वेल्लोरला 1998 मध्ये विज्ञानकथेच्या अभ्यासकांची संघटना. नावेच बोलकी आहेत. एक लेखकांची आहे, दुसरी अभ्यासकांची.

वर्षाचा फेरा

आज एखाद्या मराठी वाचकाला विज्ञानकथेच्या घडामोडी कळत राहायच्या असतील, तर त्याचे वर्ष साधारण कसे जाते?

मुख्य हंगाम दिवाळीचा. का. र. मित्रांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून नवी मराठी कथा वाचायची म्हणजे कार्तिकात, ही सवय आपल्या हाडीमासी खिळली आहे. विज्ञानकथाही तशीच येते, एकदम आणि विखुरलेली. एका अंकात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात शोधूनही नाही. ग्रंथालयाच्या दिवाळी अंक योजनेत नाव नोंदवलेला वाचक आठवड्याला दोन अंक नेतो. जानेवारीत चांगली कथा हाती लागली तर तिच्याबद्दल बोलायला तोवर कुणाला उत्साह उरलेला नसतो. पाडव्याच्या आसपास तो अंक रद्दीत जातो.

दुसरा काळ फेब्रुवारीचा. 27 तारखेला कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी मराठी भाषा गौरव दिन, लगेच 28 ला राष्ट्रीय विज्ञान दिन. शाळा-महाविद्यालयांत एका दिवशी कविता म्हटल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी प्रयोग मांडले जातात. विज्ञानकथेला हे दोन्ही दिवस आपले म्हणता यावेत अशी तिची जागा आहे. मी गेलो त्या बहुतेक कार्यक्रमांत मात्र पहिल्या दिवशी ती विज्ञानाची म्हणून बाहेर राहिली आणि दुसऱ्या दिवशी गोष्ट म्हणून.

बाकी मग परिषदेच्या स्पर्धेचा निकाल, एखादे पुस्तक प्रकाशन, एखाद्या वाचनालयातले व्याख्यान. गोव्यात पणजीला विज्ञान परिषदेच्या पुढाकाराने विज्ञानपटांचा महोत्सव होतो. त्यात माहितीपट, कल्पनारम्य चित्रपट आणि विद्यार्थी एकाच छताखाली येतात. मराठी पडद्यावर सुजय डहाके यांच्या ‘फुंतरू’सारखा (2016) एखादा प्रयत्न येऊन जातो. मुंबईच्या कॉमिक कॉनमध्ये हजारो तरुण आवडत्या पात्रांचा वेश करून जमतात. त्यांतले कितीतरी मराठी घरांतले असतात, पण त्यांची पात्रे मराठी नसतात.

प्रबोधन आणि गोष्ट

वादाचा सगळ्यात जुना धागा विज्ञानकथा कशासाठी, हा आहे. वाचकांचा समुदाय कसा असावा, हे या उत्तरावर ठरते. म्हणून इथे सविस्तर थांबतो.

पहिली भूमिका प्रबोधनाची. तिच्या मागे मोठी परंपरा आहे. ‘सृष्टिज्ञान’ मासिक 1928 पासून मराठीतून विज्ञान सांगत आले. 1976 च्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरवले. अंधश्रद्धेविरुद्ध महाराष्ट्रात झालेले काम सर्वांना माहीत आहे. या परंपरेला विज्ञानकथा हे समाजाची विज्ञानाविषयीची भीती घालवण्याचे आणि विचाराची सवय लावण्याचे साधन वाटते. परिषदेच्या स्पर्धेच्या नावातला ‘विज्ञानरंजन’ हा शब्द नेमका आहे. रंजन हवेच, पण ते विज्ञानाचे. नारळीकरांची भूमिकाही याच बाजूची. कथेतले विज्ञान काढून घेतले तर कथा कोसळली पाहिजे आणि विज्ञानाचा झगा घालून आलेल्या भुताखेतांना विज्ञानकथा म्हणू नये, असा त्यांचा आग्रह. त्यांचे गुरू फ्रेड हॉईल यांनीही ‘द ब्लॅक क्लाउड’ लिहिताना खगोलशास्त्राचा आधार सोडला नव्हता. जिथे ज्योतिषाचे सदर विज्ञानाच्या सदरापेक्षा मोठे असते त्या समाजात हा आग्रह हट्ट वाटत नाही, गरज वाटते.

दुसरी भूमिका गोष्टीची. ती मांडणारे विज्ञानाला विरोध करत नाहीत. त्यांचा प्रश्न असा, की कथेत प्राध्यापक दोन पाने समजावून सांगतो आणि विद्यार्थी मान डोलावतो, ते वाचताना वाचकाच्या हाती काय लागते? माहिती लागते, पण ती शालेय पुस्तकातही मिळाली असती. नवे यंत्र आल्यावर माणसाचे काय होते, घरात, नात्यांत, मनात काय हलते, तिथे कथा सुरू होते. सुबोध जावडेकरांचे लेखन या बाजूला झुकलेले आहे. भौतिकीपेक्षा मेंदू, नीती आणि निवड यांचे प्रश्न त्यांना जवळचे. शुभदा गोगट्यांच्या ‘यंत्रायणी’त यंत्रांपेक्षा यंत्रांत गुंतलेला समाज मोठा आहे. फोंडक्यांनी विज्ञानाला पोलिसी तपासाशी जोडून कथेची ओढ राखली.

दोन्ही बाजू ज्या कथेचा दाखला देतात ती एकच असावी, हे मला फार बोलके वाटते. नारळीकरांच्या ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत मितींचा अवघड भौमितिक विचार आहे. माणसाची डावी-उजवी बाजू आरशातल्यासारखी उलटू शकेल का, हा तिचा गाभा. प्रबोधनवादी म्हणतो, पाहा, एवढे कठीण गणित घराघरांत पोचले. गोष्टवादी म्हणतो, ते पोचले कारण उजव्या सोंडेच्या गणपतीचे सोवळे, त्याचा धाक, त्याभोवतीची कुजबुज मराठी माणसाला आईच्या कडेवरून ठाऊक आहे. मी ही कथा अनेकांकडून तोंडी ऐकली आहे. बहुतेक जण गणपतीपासून सुरुवात करतात आणि गणिताशी थोडे अडखळतात. पण अडखळून ते थांबतात आणि विचार करतात. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’चेही तेच. मराठी मनातली सर्वांत खोल जखम घेऊन तिच्यावर ‘असे झाले असते तर’चा प्रश्न ठेवला आहे. तीच कथा इंग्रजीतून देशभरच्या अकरावीच्या वर्गांत गेली तेव्हा शिक्षकांना पानिपत समजावून सांगावे लागले असणार. इकडे ते कुणी विचारले नाही.

म्हणून माझ्या मते हा वाद ‘किंवा’चा नाही. मात्र पुरस्कार देताना, संपादन करताना, पाठ्यपुस्तकात घेताना तो ‘किंवा’चाच होऊन बसतो. शंभर गुणांतले किती विज्ञानाला द्यायचे आणि किती कथेला, हे कुठल्याही परीक्षकाला ठरवावे लागते.

दार किती उघडे ठेवायचे

आता ‘नवल’चा तो वाचक परत येतो. धारपांच्या ‘नेनचिम’ आणि ‘गोग्रॅमचा चितार’ या पुस्तकांना विज्ञानकथेच्या इतिहासात कुठे बसवायचे? काटेकोर व्याख्या केली तर ती उंबऱ्यावर राहतात. पण वाचकाच्या आठवणीत पाहिले तर त्याला परग्रह, समांतर विश्वे आणि न-मानवी बुद्धी यांची चटक लागली ती अनेकदा याच पुस्तकांमुळे. धारपांच्या कथेवरून सुचलेला ‘तुंबाड’ (2018) हा चित्रपट आल्यानंतर तरुण वाचक धारपांकडे पुन्हा वळले. जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्यांचे नाव घेऊन येणारी मुले मी स्वतः पाहिली आहेत. ती मुले भय, अद्भुत आणि विज्ञान असे तीन वेगळे खण मागत नाहीत.

दार उघडे ठेवा म्हणणाऱ्यांचा मुद्दा संख्येचा आणि आनंदाचा आहे. जगात जिथे जिथे विज्ञानकथेचे चाहते एकत्र आले तिथे अद्भुतकथेचे वाचकही त्यांच्यासोबत आले. दोघांना वेगळे काढून समुदाय उभा राहत नाही. दार राखा म्हणणाऱ्यांचा मुद्दा भारतीय वास्तवाचा आहे. पुराणातली विमाने हे तंत्रज्ञान होते असे गंभीरपणे मांडले जाते त्या देशात ‘कल्पना’ आणि ‘दावा’ यांच्यातली रेघ पुसट करणे धोक्याचे. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते. भयकथेचा वाचक भुतांवर विश्वास ठेवतोच असे नाही. उलट, ही गोष्ट आहे याचे पक्के भान असते म्हणूनच त्याला ती रुचते. तरी विज्ञानाचा शिक्का मारून काय छापले जाते याबद्दल संपादकाने कडक राहावे, ही अपेक्षाही अवाजवी नाही.

एकत्र यायचे म्हणजे काय

चाहत्यांच्या समुदायाचा नमुना म्हणून अमेरिकेचे उदाहरण नेहमी दिले जाते. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी 1926 मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ काढले. त्यात वाचकांची पत्रे त्यांच्या पत्त्यांसह छापली जात. पत्ता मिळाल्यावर वाचकांनी एकमेकांना पत्रे लिहिली, मंडळे काढली, हाताने छापलेली वार्तापत्रे वाटली. 1939 मध्ये न्यूयॉर्कला पहिले जागतिक संमेलन भरले. 1953 पासून त्याच संमेलनात ह्यूगो पुरस्कार दिले जाऊ लागले, आणि ते ठरतात सभासदांच्या मतांनी. तिथे परीक्षक म्हणजेच वाचक.

आपल्या स्पर्धेत परीक्षक तज्ज्ञ असतात, आणि ‘जगताप’ यांच्या कथेचा प्रसंग दाखवतो की ती पद्धत निःपक्ष असू शकते. तिने एका नवख्या नावाला केवळ कथेच्या बळावर पहिले ठेवले. वाचकांच्या मतदानात लोकप्रिय नावांना झुकते माप मिळते, हा आक्षेप खरा आहे. पण मत द्यायचे म्हटले की वाचकाला वर्षभरातल्या कथा वाचाव्या लागतात, शोधाव्या लागतात, दुसऱ्याला सुचवाव्या लागतात. मतदानाचा निकाल दुय्यम, ही धावपळ मोलाची.

मराठी माणसाला असे जमायला जमत नाही, हे मात्र मी मानायला तयार नाही. पुण्यात 1944 पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था हौशी आकाशनिरीक्षकांना एकत्र ठेवून आहे. 1985-86 मध्ये हॅलेचा धूमकेतू आला त्या सुमारास मुंबईत खगोल मंडळ सुरू झाले. लोकल पकडून वांगणीला उतरायचे, सतरंज्या पसरून रात्रभर आकाश पाहायचे, पहाटेच्या गाडीने परतायचे आणि अनेकांनी तर थेट कामावर जायचे, हे तिथल्या स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे केले आहे. गड चढणाऱ्यांची मंडळे गावोगाव आहेत. एकांकिका स्पर्धांसाठी महाविद्यालयीन मुले महिनोन्‌महिने तालमीत राबतात. म्हणजे विज्ञानाची हौस आहे, गोष्टीची हौस आहे, संघटनेची सवय आहे. या तिन्ही गोष्टी विज्ञानकथेभोवती एकत्र आल्या नाहीत, एवढेच.

का आल्या नाहीत, याची दोन उत्तरे दिली जातात. एक, आकाश, गड आणि तालीम या जागा आहेत, तिथे जावे लागते. वाचन मात्र घरात होते. दुसरे, आपला समुदाय एका माणसाभोवती जमला. नारळीकरांच्या व्याख्यानाला सभागृह भरायचे. त्यांनी 1988 मध्ये उभ्या केलेल्या आयुका या संशोधनसंस्थेत शाळकरी मुले त्यांना प्रश्न विचारायला यायची. 2021 च्या नाशिक साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले ही विज्ञानकथेसाठी सर्वांत मोठी घटना, आणि प्रकृतीमुळे ते तिथे जाऊ शकले नाहीत याची हळहळही सर्वांना वाटली. पण वाचक त्यांच्याकडे पाहत होते, एकमेकांकडे नव्हे. हा त्यांचा दोष नाही. इतक्या उजेडात शेजारचा माणूस दिसत नाही.

अजून न सुटलेले

पहिला प्रश्न अगदी साधा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत तातडीचा आहे. जुन्या कथा मिळणार कुठे? संग्रहांत आल्या त्या वाचल्या. दिवाळी अंकांत, मासिकांत राहिल्या त्या शोधायच्या तर ग्रंथालयांचे माळे धुंडाळावे लागतात. 1970 पासूनच्या पारितोषिकप्राप्त कथा सलग वाचायचे मी एकदा मनावर घेतले होते. तीन ग्रंथालये आणि दोन ओळखीच्यांची घरे पालथी घातल्यावर अर्ध्याही हाती लागल्या नाहीत. सामायिक वाचन नसेल तर गप्पा कशावर मारायच्या? कथेचे नाव, लेखक, अंक आणि साल एवढीच सूची कुणी नेटाने केली तरी खूप होईल.

दुसरा प्रश्न तरुण वाचकांचा. ते विज्ञानकथा वाचतात, भरपूर वाचतात, पण इंग्रजीतून. चिनी लेखक लिऊ त्सिशिन यांची ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ आपल्याकडच्या तरुणांनी इंग्रजीतून वाचली आणि तिच्यावर रात्री जागवल्या. एक बाजू म्हणते, मराठीत तसे कसदार आले की वाचक आपोआप येतील. दुसरी म्हणते, वाचक दिसत नसताना लेखकाने दोन वर्षे एका कादंबरीला का द्यावीत? कथेच्या तुलनेत विज्ञान-कादंबरी मराठीत कमी का, याचे एक कारण इथे असावे. स्पर्धा आणि दिवाळी अंक दोन्ही कथेची लांबी ठरवून देतात. नारळीकरांच्या ‘प्रेषित’ किंवा ‘वामन परत न आला’सारख्या कादंबऱ्यांना जो पैस मिळाला तो नव्या लेखकाला सहज मिळत नाही. श्राव्य पुस्तके आणि मोबाइलवर क्रमशः येणाऱ्या कथा हा पैस देतील, अशी आशा काही जण बाळगून आहेत. तिथे चिकाटीने लिहिणारे आहेत, पण त्यांची समीक्षा होत नाही.

तिसरा प्रश्न कथांतल्या माणसांचा. आपल्या विज्ञानकथेतले भविष्य बहुतांशी पुणे-मुंबईच्या प्रयोगशाळांत, प्राध्यापकांच्या दिवाणखान्यांत घडते. लिहिणारे संशोधक आणि अभियंते होते, त्यांनी आपले जग लिहिले, त्यात वावगे नाही. पण उजनीचे पाणी, मराठवाड्यातले टँकर, उसाच्या फडात कोयत्यावर राबणारी जोडपी, गावकुसाबाहेरची वस्ती यांचे उद्या काय होणार, हेही भविष्यच आहे. ग्रामीण आणि दलित साहित्याने मराठी कथा मुळापासून बदलली त्याच दशकांत विज्ञानकथा वाढली, तरी या प्रवाहांची गाठ क्वचितच पडली. का पडली नाही, यावर जेवढी चर्चा व्हायला हवी तेवढी झालेली नाही. स्त्रियांच्या लेखनाबाबत चित्र थोडे उजळ आहे. गोगट्यांनंतर मेघश्री दळवी, स्मिता पोतनीस यांच्यासारख्या लेखिका सातत्याने लिहीत आल्या आहेत, मात्र इतिहास सांगताना त्यांची नावे अजून शेवटच्या ओळीत येतात.

चौथा प्रश्न नवा आहे. यंत्र मराठी बोलू-लिहू लागले आहे. वीस वर्षांपूर्वी जी कल्पना विज्ञानकथेत शोभली असती ती आज मुलाच्या गृहपाठात आहे. स्पर्धांना यंत्राने लिहिलेली कथा ओळखायची कशी, हा व्यवहाराचा प्रश्न सुटेलही. लेखकांसमोरचा प्रश्न अधिक कठीण आहे, वाचक रोज भविष्यात जगत असताना त्याला थक्क कशाने करायचे?

आणि समुदायाचा प्रश्न. परिषदेनेच वाचकांचे अंग उभारावे, की वाचकांनी स्वतंत्र जमावे, याबद्दल एकमत नाही. संस्थेच्या छताखाली सातत्य मिळेल, पण विज्ञानाची चौकट राहील. बाहेर जमले तर धारपांपासून ‘थ्री-बॉडी’पर्यंत सगळे चालेल, पण दोन हिवाळ्यांनंतर खुर्च्या मांडायला कोण येणार, ते ठाऊक नाही. कोलकात्याचा क्लब आणि चुनाभट्टीचे विज्ञान भवन ही दोन्ही उदाहरणे समोर आहेत.

आमच्या इमारतीतल्या त्या काकांनी गेल्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावर लोंढ्यांचा एक जुना संग्रह पाठवला. आतल्या पानावर पेन्सिलने तीन कथांची नावे आणि पुढे खुणा केलेल्या. आठवड्याने पुस्तक परत आले तेव्हा त्यात चौथ्या कथेपुढे नवी खूण होती, आणि तिसरीपुढे प्रश्नचिन्ह. काका प्रश्नचिन्हाचा जाब विचारायला स्वतः वर गेले.